दोन रुपयांची लखी

तारळेकरांना त्या दिवाळीत नऊ हजार रुपये मिळायचे होते. त्यातले साडेआठ हजार साताऱ्याच्या मुल्ला मिस्त्रींचे, किल्ल्या बनवायच्या जुन्या मशीनपोटी. एसटीचं भाडं आणि मशीन टपावर चढवायची-उतरवायची हमाली मिळून दीडशे. राहिले साडेतीनशे, त्यात वहिनींना साडी. हा सगळा हिशेब त्यांनी माझ्या कॅश काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून, पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे पेन्सिलीने करून दाखवला.

"साडेतीनशेत कसली साडी येते हो?" मी विचारलं.

"पाचवारी."

"चारवारी येईल. तीही पदर सोडून."

त्यांनी थोडा विचार केला. "मग मशीन टपावर नाही टाकत. मांडीवर घेऊन येतो."

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. वाईतल्या आमच्या शाखेत मी तेव्हा हेड कॅशियर होते आणि तारळेकरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बँकेच्या बरोबर समोर होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यात एक माणूस बसायचा, दुसरा आला तर पहिल्याला उठावं लागायचं. घड्याळांचा धंदा आधी सेलवाल्या स्वस्त घड्याळांनी खाल्ला आणि उरलासुरला मोबाइलने. पुण्याला नोकरी करणाऱ्या हेमंतने, त्यांच्या मुलाने, बजावलं होतं की या दिवाळीला दुकानाला कुलूप लावा आणि दोघं पुण्याला या. त्याने फ्लॅटची बाल्कनी काचा लावून बंद करून घेतली होती. "त्यात दोन खाटा बसतात," तारळेकर सांगायचे, "आणि मध्ये एक स्टूल. स्टूल बहुतेक मला."

गावात किल्ली बनवणारा कोणी नव्हता. किल्ली हरवली की लोक सातारा गाठत. मुल्ला मिस्त्री वयामुळे दुकान बंद करून लेकीकडे निघाले होते. तारळेकरांचा हात बघून त्यांनी मशीन भाऊबीजेपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. भाऊबीजेनंतर कोरेगावचा एकजण रोख घेऊन तयार होता. म्हणजे साडेआठ हजार जमले तर जिन्याखालचं दुकान, नाहीतर स्टूल.

आणि हे सगळं टांगलं होतं एका दोन रुपयांच्या नाण्यावर.

तारळेकरांना नाण्यांचा नाद जुना. दर सोमवारी ते दोन हजार रुपये भरून माझ्याकडून दोन रुपयांच्या हजार नाण्यांची पिशवी न्यायचे. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून एकेक नाणं उलटंपालटं करून बघायचे. सालाखालची खूण कुठल्या टाकसाळीची, छाप सरकलाय का, अक्षर दुबार उमटलंय का. एखादं हाती लागलं तर ठेवून घ्यायचे, त्याच्या जागी आपल्या खिशातलं टाकायचे आणि पिशवी बाजारात सुट्ट्या पैशांसाठी वाटायचे. राहिलेली मंगळवारी माझ्याकडे परत; ते सांगतील त्या आकड्याचे पैसे मी लगेच द्यायची आणि मोजायची मागाहून. त्या काळात सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर गोळ्या ठेवायचे. तारळेकरांमुळे वाईत त्यातल्या निम्म्या गोळ्या तरी वाचल्या. मला त्रास एवढाच की गेलेली पिशवी परत आली की पुन्हा मोजणं आलं.

"तारळेकर, हीच पिशवी या महिन्यात तिसऱ्यांदा येतेय," मी म्हणायची. "आता हिला तुमचं आडनाव लावू का?"

त्या मंगळवारी मात्र पिशवी काउंटरवर ठेवून त्यांनी आधी मागे कुणी उभं नाही ना ते बघून घेतलं. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद त्यांनी काचेखालून आत सरकवला. आत अकरा कोनांचं नेहमीचं दोन रुपयांचं नाणं. एका बाजूला सिंह. मी ते उलटलं. तिथे देशाचा नकाशा असायला हवा, तर पुन्हा सिंहच. पण आत दबलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे.

"नकाशा कुठे गेला?"

"टाकसाळीत आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं, की पुढच्यावर असा छाप पडतो," ते हळू आवाजात म्हणाले. "लखी म्हणतात हिला. तीस वर्षं शोधतोय बाई, पहिल्यांदा हाताला लागली. पुण्याच्या सिधयेंना फोन केला. ते मोठे संग्राहक आहेत. लक्ष्मीपूजनाला महाबळेश्वरला निघालेत, वाटेत उतरून घेऊन जाणार. म्हणाले, सांगताय तशी असली तर नऊ हजार."

"शेटेअण्णा नाही का घेणार? ते तर रोज विचारतात."

धोंडीराम शेटे म्हणजे बाजारातले भुसारमालाचे मोठे व्यापारी. तारळेकर सुट्टे द्यायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला: "लखी गावली का?" लखी गल्ल्यात असली की गल्ल्याचा तळ दिसत नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा विश्वास.

"अण्णांचं शास्त्र वेगळं," तारळेकर म्हणाले. "लखी विकत घेतली की ती मेली, नुसते दोन रुपये उरतात. ती चालत यायला पाहिजे. त्यांना दाखवली तर ते नमस्कार करतील आणि पाणी पाजून पाठवतील."

"बरं, आता ठेवणार कुठे? खिशात नका ठेवू. तुमच्या खिशांना मी ओळखते."

"घरी ठेवली तर हिच्या हाताला लागेल. आणि हिला कळलं की हेमंतला फोन जातो. मग तो म्हणणार, नऊ हजार आले ना, द्या टेम्पोवाल्याला आणि सामान हलवा. पैसे हातात पडेपर्यंत मला तोंड उघडायचं नाही."

मी वीस वर्षं तिजोरी सांभाळलेली बाई. कुठली वस्तू कुठे सुरक्षित राहते हे मला विचारायचं नाही तर कुणाला? मी विचारलं, "घरात असा कुठला डबा आहे, ज्याला कुणी हात लावत नाही?"

त्यांनी डोळे मिटून घर आठवलं. "लक्ष्मीचा डबा. पूजेची नाणी असतात त्यात. वर्षभर माळ्यावर पडलेला असतो."

"मग त्यात टाका. नाण्यांत नाणं, कुणाला पत्ता लागणार नाही."

"बँकेतलं डोकं ते बँकेतलं," म्हणून ते निघाले. पिशवी माझ्या ताब्यात राहिली. मी ती दुपारी मोजली आणि त्याबद्दल त्यांना काही बोलले नाही.

लक्ष्मीपूजनाला बँक बंद. सकाळी अकराला तारळेकर माझ्या दारात. "तुम्ही चला. नोटा तुम्ही मोजून घ्या. नऊ हजारांत एखादी खोटी निघाली तर मला कळायची नाही."

त्यांच्या घरी ओटीवर रांगोळी घालून झालेली होती. सिधये वेळेवर आले. पोटाशी कातडी बॅग धरलेला नीटनेटका माणूस. बाहेर गाडीत त्यांची बायको-मुलं, त्यातलं एक दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होतं. प्रभावतीवहिनींनी चकलीची बशी आणली. पाहुणा कोण आणि कशाला आला, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तो लक्ष्मीचा डबा जरा आण गं," तारळेकर सहज बोलल्यासारखं म्हणाले.

"आता कशाला? पूजा संध्याकाळी आहे."

"पाहुण्यांना बघायचाय."

वहिनींनी आश्चर्याने पाहुण्यांकडे बघितलं, पण माळ्याकडे गेल्या नाहीत. डबा देवासमोरच होता. त्यांनी तो आणून पाटावर ठेवला आणि झाकण काढलं.

आतलं प्रत्येक नाणं चकाकत होतं.

मी तारळेकरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्याला कुणी हात लावत नाही तो डबा. त्याला वर्षातून एकदाच हात लागतो, धनतेरसेला. मी स्वतः माझ्या घरची नाणी परवाच घासली होती.

तारळेकरांनी लखी शोधून काढली. शोधायला भिंग लागलं नाही. सिधयेंनी ती हातमोजा घालून उचलली, उजेडाकडे धरली, तिरपी केली, आणि हातमोजा काढून टाकला.

"ही धुतली कुणी?"

"मी," वहिनी म्हणाल्या. आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. "आधी चिंचेत भिजवली, मग रांगोळीच्या भुकटीने घासली. यंदा डब्यात एकवीसची बावीस भरली. म्हटलं लक्ष्मी आपल्या पायाने आलीय, तिला जरा जास्तच चोळली."

सिधये चांगले गृहस्थ होते. आवाज न चढवता त्यांनी समजावून सांगितलं. नाण्याची टाकसाळीतली मूळ कांती गेली. भिंगातून बघितलं तर नुसते ओरखडे. संग्रहात असलं नाणं ठेवता येत नाही. "तुमचा उत्साह बघून चारशे देतो. त्याहून जास्त दिले तर मी मूर्ख ठरेन."

"नको," तारळेकर म्हणाले. "तुम्हाला उशीर होतोय. पोरं थांबलीत."

गाडी गेली. वहिनींनी उभ्याउभ्याच विचारलं, "किती देणार होता तो?"

"नऊ हजार."

"आणि कशाला पाहिजे होते?"

तारळेकरांनी मशीनचं सांगितलं. मुल्ला मिस्त्रींचं, भाऊबीजेचं, स्टुलाचंही सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी चकलीची बशी उचलली आणि शांतपणे विचारलं, "मला बाल्कनीत राहायची हौस आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू हेमंतला..."

"हेमंतला मी फोन करते तो त्याचा खोकला विचारायला. चाळीस वर्षांत मला एक गोष्ट खरी सांगितली असती, तर आज मी बाविसावं नाणं तेवढं बाजूला ठेवून एकवीसच घासली असती."

हे बोलणं तारळेकरांना होतं. पण डब्याची युक्ती माझी होती, म्हणून ते मलाही बसलं. मी चकली न खाताच उठले.

संध्याकाळी शेटेअण्णांच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाचं आमंत्रण होतं. व्यापारी लोक बँकेच्या माणसांना विसरत नाहीत, विशेषतः हेड कॅशियरला. नव्या वह्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, समोर लाह्या-बत्तासे. गर्दी ओसरल्यावर मी अण्णांच्या गादीशेजारी बसले.

"अण्णा, तुमच्या गोदामांना कुलपं किती?"

"चौदा."

"आणि किल्ल्या?"

"चौदाच. दुसऱ्या होत्या, त्या पुतण्यानं विहिरीत टाकल्या. पोहताना खिशात होत्या म्हणे." अण्णांनी बत्तासा तोंडात टाकला. "साताऱ्याला कुलपं काढून न्यायची तर माल उघडा पडतो. का विचारलं?"

"गावात किल्ल्यांचं मशीन आलं तर?"

"कोण आणतंय?"

"तारळेकर. साडेआठ हजार कमी पडतायत."

"म्हणजे सगळेच कमी पडतायत."

"हो. तुम्ही कामाचे आगाऊ द्या. चौदा गोदामं, घर, पेढी, मार्केट यार्डातले तुमचे भाऊबंद. किल्ल्यांत फेडून घ्या."

"बाई, तुम्ही बँकेत आहात. बिनव्याजी आगाऊ देणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणता?"

"त्याच्या तोंडावर काही म्हणत नाही," मी म्हटलं. "अण्णा, उद्या पाडवा. नवी वही. भवानी कोण करणार?"

"जो पहिला येईल तो. भवानीला कुणी बोलावत नाही, ती ज्याच्या पायानं यायची त्याच्या पायानं येते."

"प्रभावतीवहिनी सकाळी मिठाला येणार आहेत."

"येऊ देत की. सणाला मीठ नेणं चांगलंच."

"दोन रुपयांचं. रोख."

अण्णांचा जबडा हलायचा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गल्ल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बत्तासा गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

"दोन रुपये सुट्टे असतील ना त्यांच्याकडे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"एकच नाणं आहे."

"मी काही विचारलेलं नाही," अण्णा म्हणाले.

"आणि मी काही सांगितलेलं नाही. फक्त आगाऊ रकमेचं विचारलं."

"ते द्यायला पाहिजेच. चौदा गोदामं आहेत. हे आधीच कुणीतरी सुचवायला हवं होतं."

घरी जाताना मी वहिनींच्या कानावर मिठाचं घातलं, आणि पाडव्याच्या सकाळी सातला पेढीच्या पायरीशी उभी होते, मला गूळ घ्यायचा होता म्हणून. अण्णा आंघोळ करून, टोपी घालून, नव्या वहीसमोर बसले होते. माझ्या आधी एक गडी साखरेला आला, त्याला अण्णांनी हाकललं. "जरा थांब. काटा अजून पुसायचाय." काटा लखलखत होता.

वहिनी आल्या. काठापदराची साडी, हातात पितळी डबा. मागे चार पावलं अंतर ठेवून तारळेकर, मिठाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.

"खडेमीठ द्या. दोन रुपयांचं."

अण्णांनी स्वतः उठून मीठ मापलं. काट्याचं पारडं खाली गेलं तरी एक मूठ वर टाकली.

"जास्त नको," वहिनी म्हणाल्या. "दोन रुपयांचं तेवढं द्या. उगाच उपकार नकोत."

अण्णांनी मूठ परत काढली. वहिनींनी कनवटीचं नाणं काढून गादीवर ठेवलं. अण्णांनी ते उचललं. एक बाजू बघितली. दुसरी बघितली. डोळ्यांपर्यंत नेलं, तिथून कपाळाला लावलं.

"हे घासलेलं दिसतंय," ते म्हणाले.

तारळेकरांनी मान खाली घातली. वहिनी ताठ उभ्या राहिल्या. "मी घासलंय. कालच्या पूजेत होतं. कुंकू लागलंय कडेला, बघून घ्या."

"म्हणजे पुजलेली आहे?" अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "वहिनी, आमच्या वडिलांना आयुष्यभर ही गावली नाही. मला आली ती आंघोळ करून, पूजा घेऊन, भवानीला आली. पारोशी आली असती तर मी काय करणार होतो?"

त्यांनी लखी गल्ल्यात ठेवली, वहीत पहिली ओळ लिहिली, मीठ, रुपये दोन, आणि मग, दुसऱ्याच कुठल्या कामाची आठवण झाल्यासारखं, तारळेकरांना हाक मारली. "अहो घड्याळजी, लांब का उभे? इकडे या. चौदा किल्ल्या करायच्यात. आगाऊ किती देऊ?"

वहिनी मिठाचा डबा कडेवर घेऊन पायऱ्या उतरल्या. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या. "बाई, ते रांगोळीची भुकटी वाईट म्हणत होते काल."

"पुण्याचे लोक," मी म्हटलं. "त्यांना काय कळतं."

तारळेकर त्याच संध्याकाळी, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, साताऱ्याहून आले. मशीन मांडीवर होतं.

आता बेरीज. शेटेअण्णांनी साडेआठ हजार दिले आणि तीन वर्षांत किल्ल्यांत वसूल केले, शेवटची किल्ली पेढीच्या न्हाणीघराची होती आणि न्हाणीघराला कुलूप नव्हतं. लखी वर फुकट. ती आजही गल्ल्यात आहे आणि गल्ल्याचा तळ मी तरी पाहिलेला नाही. सिधयेंचं काहीच गेलं नाही, एक हातमोजा विसरला तेवढाच. तारळेकरांनी नऊ हजारांची वस्तू दोन रुपयांच्या मिठावर दिली, आणि जिन्याखाली आता दोन माणसं बसतात. एक किल्ल्या कापतं, दुसरं, पदर खोचून, पैसे घेतं आणि सुट्टे देतं. बाल्कनीत हेमंतने कुंड्या ठेवल्या. वहिनींची चिंच चार आण्यांची असेल.

राहिली ती मंगळवारची पिशवी. तारळेकर लखी काढून घेतल्यावर दर वेळेसारखं तिच्या जागी आपल्या खिशातलं नाणं टाकायचं विसरले. तीस वर्षांत माणूस एकदा विसरतो. दुपारी मी दहा-दहाच्या चळती लावल्या, तेव्हा शेवटच्या चळतीत नऊच भरली. कमी पडलं की कॅशियरने भरायचं, हा नियम. मी पर्स उघडून दोन रुपये टाकले आणि पिशवीला शिवण मारली.

तेव्हा या सगळ्या व्यवहारात लखीची किंमत रोख मोजली ती मी एकटीने. तारळेकरांना मी हे कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते लगेच आणून देतील, आणि मग माझ्याकडे काय राहील?